फुकट ते पौष्टिक : इगतपुरीच्या परिसरातील बिनखर्ची भटकंती

(तृतीय वर्ष, कला)

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपल्याकडे बहुधा थट्टेनेच वापरली जाते. पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी मागणाऱ्या पाहुण्याकडे पाहून ती कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात हळूच सांगतो. परंतु भटकंतीच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे, असे माझे मत झाले आहे. दोन वर्षांत आम्ही पाच मैत्रिणींनी इगतपुरीच्या आजूबाजूला जे काही पाहिले, त्यातील बहुतेक सगळे फुकट होते आणि पौष्टिकही होते. पायांना तर होतेच, डोक्यालाही होते.

प्रवास म्हटले की आपल्यापुढे प्रथम पैसा उभा राहतो. सहलीची सूचना फलकावर लागते, तिच्याखाली वर्गणीचा आकडा असतो, आणि वर्गातील कितीतरी जण तो आकडा वाचून मुकाट्याने पुढच्या तासाला निघून जातात. मी त्यांच्यातलीच एक. आमच्या घरी भातशेती. पावसाळा नीट गेला तर दिवाळीनंतर हातात चार पैसे येतात, ते बियाण्याच्या, किराण्याच्या आणि फीच्या वाटेने निघून जातात. त्यातून सहलीसाठी काही मागावे, असे मनातही येत नाही. हा लेख फलकापुढून मुकाट्याने निघून जाणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांनीही तो वाचायला हरकत नाही. वाचणे तरी अजून फुकट आहे!

पाठीवर पिशवी टाकून, थोडक्या पैशांत, मिळेल ते खात आणि मिळेल तेथे झोपत हिंडणे, याला हल्ली 'बॅकपॅकिंग' म्हणतात. नाव नवे आहे, प्रकार मात्र आपल्या मातीत फार जुना आहे. पडशीत शिधा घालून पंढरीची वाट धरणारा वारकरी दुसरे काय करीत आला? पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा भर थंडीत कोठकोठच्या गावांहून दिंड्या पायी येतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' आपण वाचतो तो त्यामुळेच. गो. नी. दांडेकरांनी तर सारे आयुष्य गडकोट पायाखाली घातले. तेव्हा पैसा नाही म्हणून प्रवास नाही, ही सबब आपल्या भाषेत तरी टिकायची नाही.

आधी थोडा भूगोल

पुष्कळांना वाटते, पाहण्यासारखे जे काही असते ते दूर असते. इगतपुरीत राहून आपण महाबळेश्वरच्या गोष्टी करतो. पण मुंबईची माणसे शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येतात ती आपल्याकडे. आपण ज्या धुक्याला 'काय हे, कपडे वाळत नाहीत' म्हणून नावे ठेवतो, तेच धुके पाहण्यासाठी ती विश्रामगृहात एका रात्रीचे हजारो रुपये मोजतात. ज्याला ते मोजावे लागत नाहीत तो भाग्यवान की नाही?

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसले आहे. येथील एका गोष्टीने भूगोलाच्या तासाला मी प्रथम चकित झाले. आपल्या तालुक्यातील पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. वैतरणेच्या खोऱ्यात पडलेला थेंब पश्चिमेकडे अरबी समुद्राला मिळतो. दारणेच्या खोऱ्यात पडलेला थेंब गोदावरीबरोबर पैठण, नांदेड करीत आंध्रातून बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. दारणेचा उगमच मुळी आपल्या तालुक्यातील कुलंगच्या डोंगरात आहे. एका खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट कायमची! ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत संपते. जलविभाजक डोंगराच्या माथ्यावर उभे राहून दोन्हीकडचे ओढे पाहिले की ती जन्मभर विसरत नाही. याला तिकीट नाही.

वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस येथे पडतो. त्यामुळे आपल्याकडे पाहण्याचे ऋतू चार आहेत असे मी मानते. आषाढ-श्रावणात धबधबे. भाद्रपदात पठारे सोनकीने पिवळी होतात आणि बांधावर तेरडा फुलतो. कार्तिकापासून माघापर्यंत स्वच्छ हवा, दूरवरचे डोंगर आणि चढण्यास योग्य गारवा. वैशाखात करवंदे, जांभळे आणि पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूच्या झाडांवर लुकलुकणारे काजवे. कारवीचे फूल मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच येते. ते ज्या वर्षी येईल त्या वर्षी परीक्षेचा अभ्यास एक दिवस बाजूला ठेवून जावे, असा माझा प्राध्यापकांसमक्ष आग्रह आहे.

खिडकीतला घाट

फुकट पाहण्यातील पहिला धडा असा की, ज्या गोष्टीसाठी आपण तसेही पैसे भरतो तीत आणखी काय मिळते ते पाहावे. आपल्यापैकी अनेक जण कामानिमित्त मुंबईकडे जातात. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा प्रवास जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरांचा. इतक्या अंतरात गाडी जवळजवळ हजार फूट चढते. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा हा चढ आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. इगतपुरीला ती सोडवली जातात. लहानपणापासून आपण ही इंजिने पाहत आलो, पण ती कशासाठी लागतात हे किती जणांनी विचारले?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हा थळघाटाचा लोहमार्ग बांधला आणि १ जानेवारी १८६५ रोजी तो खुला झाला. मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली, त्यानंतर बारा वर्षांच्या आत गाडी सह्याद्रीवर चढली. जेम्स बर्कली हा कंपनीचा मुख्य अभियंता. त्याचे नाव इतिहासात आहे. ज्यांनी सुरुंग लावले, दगड फोडले, दरीवर दोराने लोंबकळत कड्याला भोके पाडली, त्यांची नावे नाहीत. घाटांच्या त्या कामात अपघातांनी आणि पटकीच्या साथींनी किती तरी मजूर दगावले. खिडकीत बसून बोगदे मोजताना मला हे आठवते. हा देखावा आपल्याला फुकट मिळतो, त्याची किंमत त्यांनी भरली आहे.

इगतपुरी स्थानकाची आणखी एक गंमत जुनी रेल्वेवाली मंडळी सांगतात. मुंबईपासून येथपर्यंत तारांत पंधराशे व्होल्टचा एकदिश प्रवाह असे आणि येथून पुढे पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती. त्यामुळे गाड्यांचे इंजिन येथे बदलावे लागे. तेवढ्या वेळात प्रवासी फलाटावर उतरून वडे खात. पुढे मुंबईकडचा प्रवाहही बदलला आणि इंजिन बदलण्याचे कारण संपले. आपल्या गावच्या वड्याची कीर्ती त्या थांब्यावरच वाढली, असे ही मंडळी ठासून सांगतात.

एक इशारा मात्र येथेच देते. घाट पाहायचा तो खिडकीतून किंवा रस्त्यावरून. रुळांवरून आणि बोगद्यांतून चालणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि वळणावर मागून येणारी गाडी कायद्याची वाट पाहत नाही. दारात लोंबकळून छायाचित्रे काढणाऱ्यांनाही हेच सांगणे.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. त्यातील सुमारे आठ किलोमीटरांच्या जुळ्या बोगद्यांतून मोटारी आता घाटाच्या पोटातून काही मिनिटांत जातात. सोय मोठीच आहे. पण जो टोल भरून बोगद्यातून जातो त्याला घाट दिसत नाही, आणि जो साध्या गाडीने वळणे घेत जातो त्याला उंटदरी दिसते. पैसा वेळ विकत घेतो हे खरे, परंतु पाहणे मात्र त्याच वेळात असते.

पायी टप्प्यातील ठिकाणे

आता चालायला लागू. पहिले ठिकाण घाटनदेवी. महामार्गालगत, घाटमाथ्यावर हे देऊळ आहे. नवरात्रात येथे गर्दी असते. एरवी सकाळी लवकर गेले तर देवळामागून दरीचा जो देखावा दिसतो, तो कोणत्याही विश्रामगृहाच्या सज्जातून दिसत नाही. घाट चढून आलेला वाहनचालक येथे क्षणभर थांबून हात जोडतो. तो का थांबतो, हे घाट पायी उतरून पाहिल्याशिवाय कळणार नाही. कोकणातील बंदरे आणि नाशिक यांना जोडणाऱ्या या वाटेने बैलांचे तांडे शतकानुशतके माल वाहत आले. रस्ता आणि रेल्वे ही त्या वाटेची पुढची रूपे.

दुसरे ठिकाण त्रिंगलवाडी. गावातून निघून डोंगरातील खिंड ओलांडली की दोन-अडीच तासांत त्रिंगलवाडीच्या धरणापाशी पोहोचता येते. किल्ल्याच्या पायथ्याशी एक जैन लेणे आहे. गावकरी त्यालाही पांडवलेणेच म्हणतात. डोंगरात कोरलेले काहीही दिसले की ते पांडवांच्या नावावर जमा करायचे, ही आपली रीत! कोरीव दरवाजा, आत सभामंडप, आणि गाभाऱ्यात ऋषभनाथांची भग्न मूर्ती. तिच्या आसनावर लेख आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे जाऊन तास-दोन तास बसावे. प्राचीन भारताच्या कलेवरचा प्रश्न परीक्षेत लिहिताना एलोरा सगळेच लिहितात. त्रिंगलवाडी लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाला थांबायला लावील.

लेण्यावरून वर गेले की कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि त्यांच्या शेवटी अखंड खडकातच कोरलेला दरवाजा. शेजारी भिंतीवर मारुती आहे. देवळात आपण पाहतो तसा हात जोडलेला नाही, पायाखाली पनवतीला दाबून उभा असलेला. वरून कळसूबाईपासून त्र्यंबकच्या डोंगरांपर्यंत रांग दिसते. १८१८ साली त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती पडला आणि त्यापाठोपाठ या भागातील किल्ले एकामागून एक त्यांच्या स्वाधीन झाले. त्यांत त्रिंगलवाडी होता, कावनईही होता.

तिसरे ठिकाण हेच कावनई. घोटीकडून तेथे जाता येते. किल्ला लहान, चढ तासाभराचा, शेवटी कातळावर एक शिडी आणि मग दरवाजा. वर तळे आहे. ज्यांनी आजवर एकही किल्ला पाहिलेला नाही त्यांनी येथून आरंभ करावा, असे मी सुचवीन. पायथ्याचे कपिलधारा तीर्थ कपिल मुनींचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि कुंभमेळ्याचे मूळ स्थान हेच, अशी तेथील श्रद्धा आहे. घोटीच्या बाजारात उतरलात तर तांदळाच्या गिरण्यांपाशीही जरा थांबा. आपल्या शेतातील भात साळीचा तांदूळ कसा होतो, हे पाहणे हेही प्रेक्षणीयच आहे.

थोडे लांबचे, एस.टी.च्या टप्प्यातले

मार्च २०२३ पासून एस.टी.च्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट आहे. आमच्या भटकंतीचा अर्धा खर्च राज्य शासनानेच उचलला, असे आम्ही गमतीने म्हणतो. या अर्ध्या तिकिटाने घरच्यांचे मन वळवण्यासही मदत झाली, हे येथे नमूद केले पाहिजे. 'पैसे नाहीत' हे कारण निघून गेले म्हणजे 'मुलींनी कशाला हिंडायचे' हे खरे कारण उघडे पडते, आणि उघड्या पडलेल्या कारणाशी निदान बोलता तरी येते. आमच्यापैकी दोघींच्या घरी असे बोलणे महिनाभर चालले. शेवटी 'कोठे जाता, कोणाबरोबर जाता आणि कोणत्या गाडीने परत येता, हे कागदावर लिहून ठेवा' या अटीवर परवानगी मिळाली. ती अट चांगली आहे. मुलांनीही पाळावी.

एस.टी.ने सर्वतीर्थ टाकेदला जावे. रावणाशी झुंजलेला जटायू येथे पडला आणि त्याच्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी येथली कथा. गरुड, मारुती, शंकराचे नंदी यांची देवळे गावोगाव असतात, पण एका हरलेल्या पक्ष्याची आठवण जपणारे ठिकाण विरळा. टाकेदच्या पुढे तालुक्याच्या सीमेवर पट्टा किल्ला आहे. १६७९ साली जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगल फौज पाठीवर असता शिवाजी महाराज येथे सुखरूप पोहोचले. त्या विश्रांतीवरून किल्ल्याचे नाव विश्रामगड पडले. बहिर्जी नाईकाने ही आडवाट दाखवली असे सांगतात. वर अंबारखाना आहे, गुहा आहेत, देवीचे देऊळ आहे, आणि दूर डोंगरांवर आता पवनचक्क्या फिरताना दिसतात.

आणि मग कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागा, आणि ती आपल्या तालुक्याला लागून आहे! घोटीहून भंडारदऱ्याच्या गाडीने बारी गावी उतरायचे. तेथून तीन-साडेतीन तासांची चढण. अवघड कातळावर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिखरावर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते. वरून अलंग, मदन, कुलंग ही त्रयी, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. आदल्या रात्री आम्ही बारीतच राहिलो, कारण आमच्यापैकी एकीची मावशी तेथे दिली आहे. प्रत्येकाला तेथे मावशी असेलच असे नाही. पण गावात जेवणाची आणि मुक्कामाची सोय करणारी घरे आहेत. त्यांच्याशी आधी बोलावे, आणि ते सांगतील ते पैसे द्यावेत.

हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या अंगाखांद्यावर आहे. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झाले. वनखाते किंवा गाव जेथे प्रवेशशुल्क घेते तेथे ते हुज्जत न घालता भरावे. बिनखर्ची भटकंती म्हणजे चुकवेगिरी नव्हे. अलंग आणि मदन या किल्ल्यांवर दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. तेव्हा ते जाणकारांवर सोडावेत आणि आपण खालून नमस्कार करावा. नमस्कारही फुकटच असतो.

शिधा, पाणी आणि शिस्त

खर्च वाढतो तो पाहण्याने नव्हे, खाण्याने आणि गाडीने. गाडीचे झाले. खाण्याबद्दल आमचा हिशेब देते. पाच जणींना एका दिवसासाठी पंधरा नागलीच्या भाकरी, खर्डा, पाच कांदे, पाव किलो गूळ आणि पाव किलो भाजलेले शेंगदाणे पुरतात. हे सगळे घरचेच असते. पाणी प्रत्येकीने दोन लिटर. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत तीन. मुक्काम असला तर एक किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ, मीठ, हळद आणि एक पातेले. खिचडी होते. विकतच्या पुड्या नेल्या नाहीत तर कागद टाकण्याचा प्रश्नही येत नाही, हा त्यातला दुसरा फायदा.

पिशवीचे वजन आपल्या वजनाच्या आठव्या हिश्शाहून जास्त नसावे, एवढा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे. महागडी पिशवी लागत नाही. आमच्यापैकी तिघींच्या पिशव्या शाळेतल्याच आहेत. पायात मात्र चांगली पकड असलेले बूट किंवा सॅंडल हवेत. त्याबाबतीत काटकसर करू नये. बॅटरी, शिटी, एक जुनी चादर, थोडा कापूस आणि जखमेवरचे औषध एवढे बरोबर असावे. मोबाइल डोंगरात चालेलच असे नाही. वाट विचारायची ती गुराख्याला. तो दाखवील ती वाट नकाशात नसली तरी डोंगरात असते.

पावसाळ्याविषयी थोडे कडक बोलते. धबधब्याखाली उभे राहणे, वाहत्या ओढ्यातून हात धरून साखळी करून जाणे, निसरड्या कड्यावर छायाचित्रासाठी टोक गाठणे, याने दरवर्षी कोणाचे तरी घर उजाड होते. वर डोंगरात पडलेल्या पावसाने खालचा ओढा दहा मिनिटांत फुगतो, आणि खाली उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. जिल्हा प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती पाळावी. धबधबा पुढच्या वर्षीही येथेच असणार आहे.

फुकटाची किंमत

शेवटी ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळते. आपल्या गावातच एक जागा अशी आहे की जेथे 'फुकट' या शब्दाचा अर्थ नीट कळतो. ती म्हणजे धम्मगिरी. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून शिकून आणलेल्या विपश्यनेचे हे केंद्र १९७६ साली सुरू झाले. देशोदेशीचे लोक येथे दहा दिवसांच्या शिबिराला येतात. शिकवण्याची, राहण्याची, जेवणाची कसलीही फी नाही. मग चालते कसे? ज्याने एक शिबिर पुरे केले आहे त्याचेच दान स्वीकारले जाते. म्हणजे आज जो फुकट बसतो त्याचा खर्च काल बसून गेलेल्याने केलेला असतो, आणि तो स्वतः इच्छा झाली तर उद्याच्या माणसासाठी देतो. धम्मगिरी हे सहलीचे ठिकाण नाही. तेथे मौन असते आणि ते मोडायला जाऊ नये. पण तेथील हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. सध्या जगात जे काही फुकट आहे त्याचे पैसे कोणीतरी आधी भरलेले आहेत, एवढे त्यातून कळते.

हाच हिशेब डोंगरालाही लावून पाहा. किल्ल्यावरची टाकी ज्याने खोदली त्याने भरले. घाटातले मजूर प्राण देऊन गेले. आणि आजही कोणीतरी भरीत आहे. आपल्या तालुक्यात धो धो पाऊस पडतो. अप्पर वैतरणेचे पाणी मुंबई पिते, मुकण्याचे नाशिकला जाते, दारणेचे गोदावरीत उतरून पुढे जाते. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच धरणांच्या वरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्यापाशी रांगेत बसतात. वाटी-वाटीने पाणी भरतात. आपण ज्याला 'काय सुंदर जागा आहे' म्हणतो तेथे ही रांग असते. अशा झऱ्यावर हात-पाय धुणे, त्यात रिकाम्या बाटल्या टाकणे म्हणजे भरल्या ताटात माती टाकणे होय. म्हणून आम्ही एक नियम केला. उन्हाळ्यात वाडीतले पाणी मागायचे नाही. आपले आपण वाहून न्यायचे.

मी पहिल्यांदा त्रिंगलवाडीला जायचे म्हणून घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही डोंगर बघायला जाता, आम्ही सरपणाला जायचो." तिला माझे हसू आले होते, राग नव्हता. पण त्या वाक्याने मला खूप विचार करायला लावले. तिच्या डोक्यावर मोळी असे, म्हणून तिला डोंगर फक्त पायाखाली दिसला. माझ्या डोक्यावर मोळी नाही, म्हणून मला तो वर मान करून पाहता येतो. माझ्या पाहण्याचे पैसे तिने भरले आहेत. मागच्या कार्तिकात आम्ही तिला बरोबर घेऊन कावनईला गेलो. वर बसून तिने आम्हांला समोरच्या उतारावरची झाडे एकेक नावाने सांगितली. ऐन, हिरडा, आंबा, उंबर, कोणते सरपण धुरकट आणि कोणते खणखणीत जळते तेही सांगितले. वनस्पतिशास्त्राचा असा तास मी तरी दुसरा ऐकला नव्हता, आणि त्याची फी कोणी मागितली नाही.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, माझी सूचना एवढीच. पुढच्या वर्षी सहलीच्या फलकाशेजारी आणखी एक कागद लावावा. त्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जाण्याचे एक जवळचे ठिकाण, निघण्याची वेळ आणि बरोबर आणावयाच्या भाकरींची संख्या लिहावी. वर्गणीची जागा कोरी ठेवावी. प्राध्यापक मंडळींपैकी इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि मराठीच्या गुरुजनांनी आळीपाळीने यावे, आणि ज्यांची आई, आजी किंवा मामा डोंगरात राहतात त्यांनी त्यांनाही आणावे. येताना प्रत्येकाने एक रिकामी पिशवी आणावी आणि वाटेत दिसेल तो कचरा तीत भरून खाली आणावा. आपल्या मागून येणाऱ्या फुकट्यांसाठी आपण भरलेले पैसे ते एवढेच.

भाकरी जास्त आणल्या तरी चालतील. वर गेल्यावर भूक दुप्पट लागते.